डीसीसी लेआउटचं वायरिंग: आधी नाणं टाका, मग गाडी सोडा

नमस्कार मंडळी! मॉडेल रेल्वे डीसीसीवर, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोलवर, चालवायची तर लेआउटचं, म्हणजे रुळांच्या मांडणीचं, वायरिंग कसं करायचं ते आज बघू. "डीसीसीला दोनच वायरी लागतात ना?" ही कॉमेंट दर व्हिडिओखाली असते. आणि तिच्या खालोखाल दुसरी: "कमांड स्टेशनजवळ (हुकूम पाठवणाऱ्या यंत्राजवळ) गाडी झकास पळते, पलीकडच्या टोकाला गेली की मरगळते. डिकोडर बिघडला का?" नाही हो, बहुतेक वेळा डिकोडर, म्हणजे इंजिनातलं हुकूम वाचणारं सर्किट, ठणठणीत असतो. दोन वायरी एका जागी रुळाला जोडून तुम्ही थांबलात, तिथे गाडं अडलं.

प्राथमिक गोष्टी झटपट सांगतो. डीसीसीत रुळावर कायम पूर्ण व्होल्टेज असतं, एचओ आकाराच्या गाड्यांना साधारण १४-१५ व्होल्ट, सतत उलटसुलट होणारं. वीज आणि हुकूम एकाच वाटेने जातात. नव्या डिकोडरचा पत्ता ३ असतो. झालं.

आता खरेदी. लोहार चाळीत अडीच स्क्वेअर एमएमची बहुतारी वायर मागा, लाल आणि काळी. ८ बाय ४ फुटांच्या प्लायला प्रत्येकी ८ मीटर पुरते. एवढ्या लेआउटला दीडचीही चालते, पण उद्या खिडकीपर्यंत यार्ड वाढवलंत तर? अडीचचीच घ्या. ही झाली बस, प्लायच्या खालून रुळाच्या मार्गाने जाणारी. तिची टोकं एकमेकांना जोडून गोल करू नका, शेवट मोकळा ठेवा. फीडरसाठी, म्हणजे बसपासून रुळापर्यंत जाणाऱ्या छोट्या वायरींसाठी, अर्ध्या स्क्वेअर एमएमची वायर, वीतभर लांबीची.

आणि फीडर किती? दर ९० सेंटिमीटरला एक जोडी. शक्य असेल तर रुळाच्या प्रत्येक तुकड्याला. यावर वाद होतो, "जॉइनर आहेत की!" मंडळी, जॉइनर रुळाची दोन टोकं सरळ रेषेत धरण्यासाठी असतो. वीज वाहणं हे त्याचं काम नाही. मुंबईची दमट, खारी हवा जॉइनरच्या फटीत शिरते. एका पावसाळ्यात आतला धातू काळवंडतो, आणि वरून चकचकीत दिसणारा सांधा आतून वीज अडवायला लागतो.

दुसऱ्या बाजूने बघा. रूळ निकेल सिल्व्हरचा असतो. तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा त्याचा रोध दहा पटींहून जास्त. म्हणजे लांबचा प्रवास तांब्यातून, शेवटची वीतभर वाट रुळातून. आपल्या लोकल १५०० व्होल्ट डीसीवर होत्या तेव्हा सबस्टेशनं जवळजवळ ठेवावी लागायची, कारण कमी व्होल्टेज म्हणजे जास्त करंट आणि वाटेत जास्त घट. २५ केव्ही एसी आल्यावर अंतरं वाढवता आली. तुमचे फीडर म्हणजे तुमची सबस्टेशनं.

तिसरी बाजू सगळ्यात महत्त्वाची, कारण इथे माल जळतो. समजा बूस्टर (रुळाला वीज पुरवणारं यंत्र) १५ व्होल्टचा, ५ अँपिअरला ट्रिप होणारा. म्हणजे चाक घसरून दोन्ही रूळ जोडले गेले, शॉर्ट झाला, तर त्या वाटेत एकूण रोध ३ ओहमपेक्षा कमी हवा, तरच तो ट्रिप होईल. कळकट जॉइनर मिळून ४ ओहम झाले तर करंट पावणेचार अँपिअर. बूस्टरला वाटतं, बऱ्याच गाड्या चालल्या आहेत! तो ट्रिप होतच नाही, आणि ५६ वॉट उष्णता त्या सांध्यांत आणि घसरलेल्या चाकाखाली साठत राहते. प्लास्टिकचे स्लीपर वितळायला आणखी काय हवं?

म्हणून नाणं. (दहाचं नाणं कॅमेऱ्याजवळ धरून.) वीज चालू करा, दोन्ही रुळांवर हे आडवं ठेवा. बूस्टर लगेच ट्रिप झाला पाहिजे. सेकंदभरात झाला नाही तर नाणं उचला, धरून बसू नका. हातभर पुढे सरका, पुन्हा ठेवा. सगळा लेआउट, यार्डची शेवटची बोळसुद्धा. गाड्या आणि इंजिनं आधी रुळावरून उतरवा.

सोल्डरिंगचं बघा. रुळाच्या बाहेरच्या अंगाला जागा घासा, वायरीचं टोक आणि रूळ दोन्हींना आधी कथील लावा, मग टेकवून दोन सेकंद. जास्त वेळ सोल्डरिंग आयर्न टेकवलं तर स्लीपर मऊ पडतो. रोझिनचाच फ्लक्स वापरा. ॲसिडचा फ्लक्स वापरलात तर काही महिन्यांत सांध्यावर हिरवट बुरा धरतो आणि वायर कुजते. लाल वायर नेहमी एकाच रुळाला. प्रत्येक जोडी जोडली की नाणं टाका. सातही जोड्या लावून मग टाकलं तर उलटी जोडी शोधत बसाल.

घडीच्या पलंगावर दुमडणारा लेआउट असेल तर बिजागरीपाशी बसच्या वायरींना हातभर ढील द्या, आणि तिथला कनेक्टर १० अँपिअरचा घ्या. तिथे लहानसा कनेक्टर घातला की एवढी जाड बस घातलीच कशाला?

गाडी फिरून उलट्या दिशेने त्याच मार्गावर येत असेल, तर त्या वळणाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापून मधल्या भागाला ऑटो-रिव्हर्सर (जोडणी आपोआप उलटवणारं यंत्र) लावा. हा भाग सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब हवा. आणि हो, त्या भागातही नाणं टाकायचं.