दोन पाइपांमधली फट

नाशकात गोदाकाठच्या एका वाटेच्या तोंडाशी एक लोखंडी रेलिंग उभं आहे. एक आडवा पाइप, त्याच्यापुढे जेमतेम जागा सोडून दुसरा. मधून वळण घेत आत शिरायचं. चालण्याच्या आणि सायकलच्या वाटेवर स्कूटर, मोटारसायकली घुसू नयेत, एवढाच याचा हेतू. हेतू चांगलाच आहे.

पण जरा टेप लावून बघा. रोजच्या वापरातली स्कूटर रुंदीला साधारण ७० सेंटीमीटर. माउंटन सायकलचं हँडल तेवढंच, कधी त्याहून मोठं. व्हीलचेअर थोडीच कमी, आणि दिव्यांगांची हाताने चालवायची तीनचाकी तर सरळ जास्त रुंद. म्हणजे स्कूटर अडेल एवढी फट ठेवली, की ही सगळी माणसंही बाहेर राहिली. स्कूटरवाला कुंपणाच्या पडक्या भागातून आत येतो. तीनचाकीवर बसलेल्या माणसाने कुठून यायचं?

त्यात पाइपाला रिफ्लेक्टर नाही. थंडीतल्या पहाटे, धुक्यात, सायकलवरून येणाऱ्याला तो अगदी जवळ आल्यावर दिसतो.

आणि हे सायकलवेड्या नाशकात! डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली. दोघांच्या संघाने ती पार करणारे ते पहिले भारतीय. इथून पंढरपूरला सायकलवारी निघते.

मुंबईत फूटपाथवरच्या अशाच खांबांमुळे व्हीलचेअर अडते, याची उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली. ब्रिटनच्या २०२० च्या सायकलमार्ग नियमावलीत दोन खांबांमध्ये किमान दीड मीटर जागा सांगितली आहे, आणि वळणावळणाची रेलिंगं टाळायला सांगितली आहेत.

दीड मीटर ठेवलं तर स्कूटर शिरतील, असं कुणी म्हणेल. शिरतील. त्यांना अडवायला तिथे माणूस हवा, दंडाची पावती हवी. ते काम लोखंडाच्या गळ्यात घालून शिक्षा मात्र व्हीलचेअरवाल्याला, हे आम्हाला मान्य नाही.

२०२७ च्या सिंहस्थाची कामं शहरात चालू आहेत. नदीकाठी नवं रेलिंग बसवायचं असेल, तर वेल्डिंगच्या आधी एक तीनचाकी आणि ती रोज चालवणारा माणूस जागेवर बोलवा. खुणेसाठी दोन काठ्या रोवा आणि त्यांना आतबाहेर जाऊन बघू द्या. अर्ध्या तासाचं काम आहे.