घरात कुणालाच नव्हतं, मग मलाच का?

(पुण्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघापुढे संधिवाततज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मायोसायटिस हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलं नसेल, आणि ते साहजिक आहे. परदेशातल्या नोंदी पाहिल्या तर वर्षाला दहा लाखांत दहाच्या आसपास नवे रुग्ण. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच स्नायूंवर उलटते, असा हा आजार. दुखण्यापेक्षा ताकद जाते, तीही मांड्यांची आणि खांद्यांची. बसची पायरी चढवत नाही, पाटावरून उठताना हात टेकावा लागतो, वेणी घालताना हात वर ठरत नाहीत. बोटांच्या सांध्यांवर चट्टे आणि पापण्यांवर जांभळट झाक आली, तर तो डर्मॅटोमायोसायटिस. सावळ्या कातडीवर ही झाक नुसती काळपट दिसते आणि मलमांवर महिने जातात.

आणखी एक घोळ वारंवार बघते. लिव्हरच्या रक्ततपासणीत एसजीपीटी वाढलं म्हणून लिव्हरच्या गोळ्या सुरू होतात. पण एसजीओटी, एसजीपीटी ही एन्झाइम्स स्नायूंतूनही रक्तात उतरतात. तेव्हा कुणीतरी सीपीके, म्हणजे स्नायूंतल्या एन्झाइमची रक्ततपासणी, करायला हवं. जिथे दोनशेच्या आत हवं, तिथे पाच हजारांचा आकडा येतो आणि मग सगळा उलगडा होतो.

निदान झालं की घरच्यांचा पहिला प्रश्न: आमच्याकडे कुणालाच नव्हतं, हिलाच कसं? आणि थोड्या वेळाने, जरा आवाज खाली आणून: मुलीला होईल का? तिचं लग्न ठरायचंय.

या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत असते. थॅलेसेमियासारख्या आजारात एका जनुकात बिघाड असतो. आईकडून आणि वडिलांकडून तो दोन्हीकडून आला की आजार होतो. मायोसायटिसचं तसं नाही. इथे जनुकं फक्त कल ठरवतात. कल असलेली बहुसंख्य माणसं आयुष्यभर धडधाकट राहतात.

हा कल मुख्यतः सहाव्या गुणसूत्रावर आहे, एचएलए नावाच्या भागात. किडनी बसवण्याआधी जुळवतात तेच हे एचएलए. जाँ दोसे यांनी १९५८ मध्ये यातला पहिला धागा शोधला आणि १९८०च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. एचएलएचे रेणू पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे तुकडे धरून प्रतिकारपेशींना दाखवत असतात: हे बघा, आत हे चाललंय. कुणाच्या रेणूची खाच अशी घडलेली असते की आपल्याच प्रथिनाचा तुकडा तिच्यात घट्ट बसतो. मग एखाद्या दिवशी प्रतिकारपेशी त्यालाच शत्रू समजतात.

युरोपीय वंशाच्या रुग्णांत एचएलए-बी*०८ आणि डीआरबी१*०३ हे प्रकार जास्त सापडतात. दोष नेमका कुणाचा, हे ठरवणं मात्र अवघड जातं, कारण हे दोन्ही प्रकार आजूबाजूच्या शंभरेक जनुकांसह एकगठ्ठा वारशात येतात. चोर शनिवार पेठेतल्या याच वाड्यात राहतो हे पोलिसांना पक्कं ठाऊक आहे, पण खोली कुठली ते कळत नाही, अशी गत. एचएलएबाहेर पीटीपीएन२२ नावाच्या जनुकाचंही नाव येतं. संधिवातात आणि मुलांच्या मधुमेहातही तेच. पण त्याचा युरोपात धोका वाढवणारा प्रकार आशियाई लोकांत क्वचितच आढळतो.

मला स्वतःला सगळ्यात रंजक वाटतं ते पुढचं. मायोसायटिस हा एक आजार नाहीच. रक्तात कोणती अँटीबॉडी आहे, त्यावर त्याची जात ठरते, आणि प्रत्येक जातीचं एचएलए वेगळं. जो-१ अँटीबॉडी असली की फुप्फुसांना धोका. तिचं नातं त्याच बी*०८ आणि डीआरबी१*०३शी, आणि असा वारसा असलेला माणूस सिगारेट ओढत असेल तर धोका आणखी वाढतो, असं दिसलं आहे. एमआय-२ अँटीबॉडीचं नातं डीआरबी१*०७शी. म्हणून ‘मायोसायटिसचं जनुक कोणतं’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारते: कोणत्या मायोसायटिसचं?

आता आपल्याकडचं बघू. बी*०८ आणि डीआरबी१*०३ ही जोडी भारतीयांतही आहे, पण पुष्कळदा ती वेगळ्या गठ्ठ्यात येते. शेजारची जनुकं युरोपातली नसतात. त्यात आपण शतकानुशतकं जातीतल्या जातीत लग्नं केलेली. म्हणून परदेशी कंपनीचा थुंकीवरून केलेला रिपोर्ट कोथरूडच्या माणसाचा धोका टक्क्यांत सांगायला लागला, तर तो कागद फार मनावर घेऊ नका. आणि हिशेब तरी करून बघा. समजा, एखाद्या जनुकाने धोका तिप्पट केला. दहा लाखांत दहाचे तीस झाले. उरलेल्या नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे सत्तर जणांनी कशाला झोप उडवून घ्यायची? मुलीची चाचणी करू नका, आणि स्थळ आलं तर बोलणी पुढे न्या.

फक्त एका बाबतीत मी घराण्याची खोदून चौकशी करते. विशीतला मुलगा, सीपीके हजारोंत, स्टिरॉइड देऊनही काडीचा फरक नाही, आणि आईवडील नात्यातले. मामेबहिणीशी लग्न आपल्याकडे नवलाचं नाही. अशा वेळी डिसफर्लिन या स्नायूंतल्या प्रथिनाच्या जनुकातला बिघाड असू शकतो. बायोप्सीत सूज दिसते म्हणून त्याला मायोसायटिस समजतात, पण ती डिस्ट्रॉफी, म्हणजे जनुकातून आलेली स्नायूंची झीज, असते. स्टिरॉइडने फायदा काही नाही, हाडं तेवढी ठिसूळ होतात. इथे मात्र जनुकीय चाचणी करायलाच हवी, कारण दोघांकडेही हा बिघाड असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

शेवटी कोलेस्टेरॉलच्या गोळ्या. या सभागृहातले निम्मे तरी स्टॅटिन घेत असतील. स्टॅटिन घेणाऱ्या लाखात दोन-तीन जणांत एचएमजीसीआर नावाच्या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी तयार होते आणि स्नायूपेशी मरू लागतात. प्रौढांत याचं नातं डीआरबी१*११शी आहे. एवढ्याने घाबरून उद्या सकाळची गोळी बंद करू नका. हृदयविकाराचा धोका याहून कितीतरी मोठा आहे. पाय नुसते दुखत असतील तर तसं डॉक्टरांना सांगा; ते दुखणं गोळी बदलल्यावर बहुधा थांबतं. पण डॉक्टरांनी गोळी बंद करूनही आठवडे उलटले, खुर्चीतून उठणं दिवसेंदिवस जड होतंय आणि सीपीके खाली येत नाही, तर ती अँटीबॉडी तपासून घ्या. तो गोळीचा साधा त्रास नसतो, त्याला प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं लागतात.