मागच्या झाकणाखाली

(दृश्य: गिटार मऊ कापडावर. उजेड एका कडेपासून दुसऱ्या कडेला सरकतो.)

समोरून पाहिलं तर खोट काढायला जागा नाही. तोच चेरी सनबर्स्ट रंग. उजेड सरकला की मेपलच्या लाकडावर हलणारे तेच पट्टे. ही गिब्सन कंपनीच्या लेस पॉल या इलेक्ट्रिक गिटारची रीइश्यू आहे, म्हणजे १९५८ ते १९६० या काळातल्या गिटारचा नमुना समोर ठेवून अलीकडे घडवलेली. रूप हुबेहूब उतरलंय. आवाज मात्र एका जागी अडतो. व्हॉल्यूमचा नॉब दहावर असेपर्यंत ती छान बोलते. सातवर आणला की घोंगडीखाली गेल्यासारखी होते.

अशा वेळी बहुतेक जण थेट पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग, बदलायला निघतात. आमचं म्हणणं एवढंच आहे, की आधी मागचं झाकण उघडा.

(दृश्य: चार स्क्रू. झाकण उचललं जातं.)

आत चार पॉट आहेत, म्हणजे नॉबखालचे कमी-जास्त करता येणारे रोधक. दोन व्हॉल्यूमचे, दोन टोनचे. एका व्हॉल्यूम पॉटच्या वायर सोडवून मीटर लावलाय. पडद्यावरचा आकडा बघा: २९७. म्हणजे ३०० किलोओहमचा पॉट. मूळ गिटारमध्ये या जागी ५००चा असे.

पिकअपमध्ये तयार होणारी वीज फार नाजूक असते. अँप्लिफायरकडे जाताना वाटेतला प्रत्येक पॉट तिचा थोडा वाटा ग्राउंडकडे वळवतो. ५००चा व्हॉल्यूम आणि ५००चा टोन मिळून पिकअपवर साधारण २५० किलोओहमचा भार येतो. व्हॉल्यूम ३००चा बसवला तर हाच आकडा १८७च्या आसपास उतरतो. आकडा जितका खाली, तितका भार जड, आणि जड भाराखाली सगळ्यात आधी ट्रेबलची, म्हणजे उंच स्वरांची, चमक जाते. ज्या धारेला आपण ‘जुना आवाज’ म्हणतो, ती इथेच बोथट होते. लाकडाला दोष देऊन उपयोग नाही.

(दृश्य: जुना पिकअप उलटा धरलेला. कॅमेरा लेबलवर.)

हा खरा जुना पिकअप. थोड्या वेळासाठी आमच्या टेबलावर आला होता, म्हणून जितका दाखवता येईल तितका दाखवतो आहोत. पाठीवर काळी पट्टी, त्यावर सोनेरी अक्षरं: ‘पेटंट अप्लाइड फॉर’. या तीन शब्दांवरूनच त्याला पी.ए.एफ. म्हणतात. गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांनी तो घडवला. पेटंटचा अर्ज १९५५चा, पेटंट मिळालं १९५९ला, आणि १९५७पासूनच हे पिकअप लेस पॉलवर बसू लागले होते. शेजारी शेजारी दोन कॉइल, एकमेकींच्या उलट. विजेच्या लाइनची गुणगुण दोघींत उलटसुलट शिरते आणि विरते. तारांचा आवाज मात्र दोघींचा मिळून येतो.

(दृश्य: कॉइलवरच्या वायरचा अगदी जवळून घेतलेला शॉट.)

ही वायर ४२ गेजची, केसाएवढी बारीक. प्रत्येक कॉइलला साधारण ५००० वेढे द्यायचे, असा हिशेब होता. पण मिशिगनमधल्या कॅलामाझूच्या त्या कारखान्यात सुरुवातीला वेढे मोजून आपोआप थांबणारी मशीन नव्हती. एका कॉइलला चार वेढे जास्त पडायचे, दुसरीला कमी. चुंबकही अल्निको या मिश्रधातूच्या वेगवेगळ्या प्रतींचे: कधी दोन, कधी चार, कधी पाच. त्यामुळे दोन पी.ए.एफ. तंतोतंत सारखे बोलत नाहीत. या कमी-जास्तपणातच त्यांचा मोकळा आवाज आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं. आणि हाच मोकळा आवाज ३००च्या पॉटमागे जोडला, तर तोही घोंगडीखालीच जाणार.

म्हणून आधी वायरिंग.

(दृश्य: कागदावर ओळीत मांडलेले आठ पॉट.)

आठही पॉटवर ५०० लिहिलंय. मीटर वेगळंच सांगतो: ४३०, ४८८, ५२१… वीस टक्के इकडेतिकडे झालेलं कारखान्यात चालतं, आपल्याला चालत नाही. सर्वांत मोठ्या आकड्याचे दोन व्हॉल्यूमला, त्याखालचे दोन टोनला. सगळे ऑडिओ टेपरचे, म्हणजे नॉब फिरेल तसा आवाज कानाला एकसारखा उतरतो.

(दृश्य: बोटं आणि वायर. बराच वेळ.)

वायर कापडी आवरणाची. ती सोलायची नसते. कापड नखाने मागे रेटायचं, उघड्या टोकाला सोल्डर द्यायचं, आणि कापड पुन्हा पुढे ओढून घ्यायचं. पॉटच्या पाठीवर सोल्डर लावताना टोक रुंद हवं आणि हात चटकन उचलायला हवा. उष्णता रेंगाळली तर आतली कार्बनची पट्टी भाजते.

आता जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती जोडणी. कॅमेरा मुद्दाम इथे थांबवला आहे. व्हॉल्यूम पॉटला तीन पाय असतात. आजकालच्या बहुतेक गिटारमध्ये टोनचा कपॅसिटर, म्हणजे ट्रेबल गाळून ग्राउंडला नेणारा भाग, पिकअपची वायर येते त्या पायाला जोडतात. पन्नासच्या दशकात तो मधल्या पायाला, म्हणजे आवाज जिथून बाहेर पडतो तिथे जोडत. फरक एका पायाचा. पण या जोडणीत व्हॉल्यूम खाली आणला तरी ट्रेबल टिकून राहतं. बदल्यात व्हॉल्यूम आणि टोन एकमेकांना ओढतात. एक फिरवला की दुसरा किंचित सावरावा लागतो. चार दिवसांत हात शिकतो.

काळ्या अंगावर रंगीत पट्ट्यांचा हा कपॅसिटर, ज्याला बंबलबी म्हणतात, दिसतो देखणा. पण मोजून ०.०२२ मायक्रोफॅरड भरला की साधा फिल्म कपॅसिटरही पुरतो. पट्ट्यांच्या मोहात पडू नका.

(दृश्य: तराजूवर एकामागून एक दोन टेलपीस.)

टेलपीस म्हणजे तारांची टोकं अडकवायची पट्टी. डावीकडचा जस्ताच्या मिश्रधातूचा, उजवीकडचा जुन्या धाटणीचा, ॲल्युमिनियमचा. वजन निम्म्याहूनही कमी. तो बसवला. ब्रिज, म्हणजे तारा टेकतात तो भाग, होता तोच ठेवला, रंगाला हात लावला नाही. नवे पिकअपही आता जागेवर आहेत: मेण न भरलेले, दोन कॉइलचे वेढे मुद्दाम कमी-जास्त ठेवलेले. मेण नाही, म्हणून फार मोठ्या आवाजात ते शिट्टी मारतात.

वॉरंटी गेली, आणि विकायला काढली तर घेणारा प्रश्न विचारेल. काढलेला प्रत्येक भाग नाव लिहून पिशवीत ठेवलाय.

(दृश्य: झाकण परत बसतं. गिटार सरळ. जॅक आत जातो.)

ब्रिजचा पिकअप. व्हॉल्यूम दहा.

(वादन. निवेदन नाही.)

आता करंगळी नॉबवर. आठ. सात. सहा.

(वादन शेवटपर्यंत. हात, नॉब, तारा.)