पोराचा मका, बापाचं शेत

श्रोतेहो, नमस्कार.

शेतकी कॉलेजातले साहेब बांधावर येऊन काही सांगू लागले, की जुनीजाणती मंडळी मिशीतल्या मिशीत हसतात. हे फक्त आपल्याकडचं नाही बरं का! सव्वाशे वर्षांपूर्वीचा अमेरिकन शेतकरीही असाच होता. तेव्हा तिथल्या काही शिक्षकांनी बापाचा नाद सोडला आणि पोरांना हाताशी धरलं.

15 जानेवारी 1902. ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी, कोर्टाच्या तळघरात, ए. बी. ग्रॅहम या शाळा-अधीक्षकांनी शेतकऱ्यांच्या मुलामुलींचा क्लब सुरू केला. मुलं मातीची परीक्षा करत. ओल्या मातीत निळा लिटमस कागद धरायचा. तांबडा झाला की माती आम्ल, म्हणजे चुना टाकायला हवा. बापापुढे तो कागद धरला की वाद घालायला जागाच उरत नसे.

पुढे 1907 मध्ये मिसिसिपीत विल्यम स्मिथ यांनी मुलांचे मका क्लब काढले. ही कल्पना सरकारी कृषी खात्याचे सीमन नॅप यांनी उचलून धरली आणि ती दक्षिणेत सगळीकडे गेली. 1910 साली साउथ कॅरोलायनातल्या जेरी मूर या शाळकरी पोराने एका एकरात पावणेदोनशे नव्हे, चांगला 228 बुशेल मका काढला. आपल्या हिशेबात 58 क्विंटल! तेव्हा देशाची सरासरी एकरी 8 क्विंटलही नव्हती. एवढं पीक दरसाल निघत नसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण शेजारी कुंपणापाशी थांबून पाहू लागले, ते त्या मक्यामुळेच.

मला मात्र मुलींची गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्याच साली, त्याच राज्यात, मारी क्रोमर या शिक्षिकेने टोमॅटो क्लब काढला. प्रत्येक मुलीला एकराचा दहावा हिस्सा, म्हणजे 4 गुंठे. लागवड तिची, खुरपणी तिची. मग उकळत्या पाण्यात टोमॅटो बुडवून साली काढायच्या, पत्र्याच्या डब्यात भरायचे, झाकण झाळून घट्ट बंद करायचं. डबे विकून आलेला पैसा तिचा स्वतःचा. घरात राबणाऱ्या लेकीच्या हाती हक्काचे चार डॉलर येणं, ही त्या काळी साधी बाब नव्हती.

1914 च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने ही कामं कृषी महाविद्यालयांच्या विस्तार-सेवेत, म्हणजे शेतीचं नवं ज्ञान बांधापर्यंत पोचवण्याच्या कामात आली. क्लोव्हर या चाऱ्याच्या रोपाच्या चार पानांचं चिन्ह आणि फोर-एच हे नाव रुळलं. फोर-एच म्हणजे इंग्रजी ‘एच’ने सुरू होणारे चार शब्द: हेड, हार्ट, हँड्स, हेल्थ; आपल्या भाषेत डोकं, हृदय, हात आणि आरोग्य.

या कौतुकात एक गोष्ट अनेकदा झाकली जाते. दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांचे क्लब वेगळे होते आणि त्यांच्या वाट्याला पैसा, माणसं, सोयी कमीच येत. मका तोच, माती तीच. तरी कायद्याने ही भिंत पाडायला 1964 साल उजाडावं लागलं.