मैदानाला कुलूप आणि घोड्याचा दाणा

नमस्कार श्रोतेहो.

गोव्यात रेसकोर्स नाही. मग जुनी रेसकोर्सं बंद होण्याचा विषय गोव्यातल्या श्रोत्यांसमोर कशाला? एक तर, मैदान बंद झालं की तिथले घोडे कुठे तरी जातात. रायडिंग शिकवणाऱ्या तबेल्यात, लग्नाच्या वरातीत, नाहीतर आपल्यासारख्या एखाद्या किनाऱ्यावर. आणि दुसरं, घोड्याच्या धंद्याचा आधार अचानक निघाला की माणसांचं काय होतं, याची एक फार जुनी गोष्ट आपल्या गोव्याच्या बंदरातूनच सुरू होते. ती आज सांगणारच आहे. त्याआधी, काय चाललंय ते थोडक्यात.

चेन्नईचं गिंडी रेसकोर्स. 160 एकरांहून जास्त जागा, 1945 च्या करारानं 99 वर्षांसाठी दिलेली, वर्षाचं भाडं 614 रुपये. हो, वर्षाचं. आज एवढ्या पैशात म्हापशाच्या बाजारात कोणी महिनाभर पथारीसुद्धा मांडू देणार नाही. सरकारनं वाढीव भाड्याची मागणी केली, थकबाकी 730 कोटींवर गेली, आणि सप्टेंबर 2024 मध्ये भाडेपट्टा रद्द करून दारांना सील ठोकलं.

सिंगापूर. तिथली रेस 1842 पासूनची. जून 2023 मध्ये जाहीर केलं की मैदान बंद होणार, आणि शेवटची शर्यत झाली 5 ऑक्टोबर 2024 ला. मध्ये सोळा महिने.

मकाव. आपल्यासारखीच पोर्तुगीज अमलाखाली राहिलेली जागा. तिथे जानेवारी 2024 मध्ये घोषणा झाली आणि 1 एप्रिलला करार संपला. तीन महिनेही नाहीत. घोडे बाहेर न्यायला मात्र पुढे मार्च 2025 पर्यंत मुदत दिली.

आणि मुंबईचं महालक्ष्मी. 1883 चं मैदान, 211 एकर. भाडेपट्टा 2013 मध्ये संपला, अकरा वर्षं घोळ चालला, आणि 2024 मध्ये ठरलं की 120 एकर महापालिकेच्या उद्यानाला आणि 91 एकर रेस भरवणाऱ्या क्लबकडे 2053 पर्यंत. हा तोडगा पटण्यासारखा आहे. शहराला मोकळी जमीन मिळाली आणि घोड्याच्या पायाखालची हिरवळही राहिली.

जमीन सरकारची असेल तर सरकारनं ती मागावी, भाडंही आजच्या भावानं घ्यावं. त्यात वाद नाही. पण घोषणा आणि कुलूप यांच्यामध्ये किती दिवस आहेत, हे बघा. सोळा महिने की सोळा तास, सगळं त्यावर ठरतं. हे लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

जाता जाता कराचंही सांगतो. पैजेच्या पूर्ण रकमेवर आधी 28 टक्के जीएसटी होता, सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. शंभराच्या पैजेवर चाळीस रुपये कर. मग माणूस मैदानावरची टोटची, म्हणजे कायदेशीर पैजेची, खिडकी सोडून फोनवरच्या बेकायदा बुकीकडे वळतो, सरकारचंही जातं आणि मैदानाचंही. सुप्रीम कोर्टानं 1996 मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं सांगितलं होतं, तरी कर लावताना ती आणि मांडवीतला कॅसिनो एकाच पंगतीला. त्या कॅसिनोंना नदीत राहायला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत आली आहे, आणि शे-दीडशे वर्षांच्या मैदानांना नोटिसा. हे न्याय्य नाही.

आता ती गोष्ट.

सोळाव्या शतकातला गोवा. इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझहून अरबी घोडे भरलेली गलबतं मांडवीत यायची. आपल्या दमट हवेत चांगला लढाऊ घोडा पैदा होत नाही, पण विजयनगरला आणि विजापूरला घोडदळ तर हवं. म्हणून घोडे समुद्रातून. पोर्तुगीजांनी काय केलं? ज्या गलबतात वीस घोडे असतील, त्याच्या बाकीच्या मालावर जकात माफ. एरवी मालावर शेकडा आठ. वीस घोडे आणा आणि बाकीचा माल फुकट उतरवा. घोडा बंदरात उतरतानाही जकात नाही. जकात कधी? घोडा विकला जाऊन गोव्याच्या हद्दीबाहेर, घाटावर निघाला की दर घोड्यामागे सुमारे 40 पार्दाव (तेव्हाचं नाणं). म्हणजे गिऱ्हाईक घाटावर, घोडे समुद्रापलीकडचे, आणि मधल्या नाक्यावर बसून गोवा श्रीमंत.

या सगळ्याचा मोठा आधार होता विजयनगर. जानेवारी 1565 मध्ये तालिकोटची लढाई झाली. विजयनगरचा रामराया मारला गेला, राजधानी लुटली गेली. मोठं गिऱ्हाईक एका दिवसात गेलं. पण गलबतं वाऱ्याच्या हिशेबानं निघतात, राज्य बुडाल्याची बातमी होर्मुझला पोचेपर्यंत घोडे निघालेलेही असतात. गोव्यात घोडे उतरले आणि मोठा विकत घेणारा नाही.

इथे जरा थांबून विचार करा. मिरी पडून राहिली तर व्यापारी वखारीला कुलूप लावतो आणि भाव येईपर्यंत वाट बघतो. कापड पडून राहिलं तर राहू दे. घोडा पडून राहत नाही. त्याला रोज दाणा, रोज गवत, रोज पाणी, रोज फिरवणं, मोतद्दाराचा, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याचा, पगार. आणि पावसाळा आला की गोव्यात त्याचे खूर सडायला लागतात. दर दिवसाला घोड्याची किंमत उतरते आणि खर्च चढतो.

अशा वेळी घाटावरून निरोप आला. रामरायाचा भाऊ तिरुमल उद्ध्वस्त राजधानीत परतला होता, शहर पुन्हा वसवू पाहत होता. त्याला घोडदळ उभं करायचं होतं. त्यानं गोव्याच्या व्यापाऱ्यांना कळवलं: घोडे आणा, चांगली किंमत देतो. वाटेत अभय. शिवाय लढाईत शत्रूनं पळवलेले, खुद्द तिरुमलच्या शिक्क्याचे घोडे कोणाकडे असले, तर तेही आणा. चौकशी नाही. मागाल तो दाम.

व्हेनिसचा एक व्यापारी होता, चेझारे फेदेरिची. 1567 साली तो गोव्याहून विजयनगरला निघाला, तो दोन घोडेव्यापाऱ्यांच्या सोबतीनं. त्यांच्याबरोबर घोडे होते तीनशे. तीनशे अरबी घोडे घाट चढताना डोळ्यांपुढे आणा. इतक्या घोड्यांना दिवसाला पाणीच नऊ-दहा हजार लिटर लागतं. बरोबर मोतद्दार, नालबंद, दाण्याचे बैल. हा सगळा खर्च व्यापाऱ्यांच्या पदरचा, एका राजाच्या शब्दावर.

फेदेरिचीनं पुढचं लिहून ठेवलंय. घोडे येत गेले, राजा गोड बोलत गेला. आज नाही उद्या, बाकीचे येऊ देत, मग एकदम हिशेब करू. घोडे मात्र त्याच्या पागेत जमा. आणि आणखी घोडे येणार नाहीत अशी खात्री पटल्यावर त्यानं व्यापाऱ्यांना जायची परवानगी दिली. परवानगी! एक दमडीही न देता. ती माणसं दुःखानं वेडीपिशी झाली, असं फेदेरिची म्हणतो. तो स्वतः तिथे सात महिने अडकला, काम महिन्याभराचं होतं, पण वाटा चोरांनी भरलेल्या.

त्या व्यापाऱ्यांना कोणी मूर्ख म्हणू नये. घोडा रोज खातो, म्हणून त्यांना थांबता आलं नाही. गिऱ्हाईकाला थांबता येत होतं, त्यांना येत नव्हतं. आजही रेसकोर्सच्या दाराला एकाएकी सील लागतं तेव्हा मालक, ट्रेनर आणि सईस (आजचे मोतद्दार) यांची हीच गत होते. घोडा मिळेल त्या भावानं, मिळेल त्या हातात जातो.

  

आता कामाचं. रेसचा घोडा निवृत्त कसा करायचा. सोळा महिने लागतात ते याच्यासाठी.

भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? न फिरवल्यामुळे. हे कोडं आपल्याला पाठ आहे, आणि घोड्याच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. सरावातला साडेचारशे-पाचशे किलोचा घोडा दिवसाला पाच-सहा किलो दाणा खातो. काम थांबलं आणि दाणा तेवढाच राहिला, की दोन दिवसांनी बाहेर काढल्यावर त्याच्या मागच्या मांड्यांचे स्नायू लाकडासारखे आखडतात, घामाघूम होतो, लघवी कॉफीच्या रंगाची होते. अशा वेळी त्याला चालवू नका. तिथेच उभा ठेवा, पाणी द्या, डॉक्टर बोलवा. हे टाळायचं तर काम थांबेल त्याच दिवशी दाणा निम्मा. मग दहा-चौदा दिवसांत एक-दोन किलोवर, आणि तेवढं सुकं गवत वाढवायचं. पुन्हा सांगतो: काम बंद, त्याच दिवशी दाणा निम्मा. गवत मात्र एकदम बदलायचं नाही, पोटशूळ उठतो, आणि घोड्याला उलटी करता येत नाही.

हा घोडा दिवसातले बावीस तास खोलीत राहिलेला असतो. पहिल्याच दिवशी मोठ्या माळावर सोडला तर उधळतो आणि पाय मोडून घेतो. आधी हातात धरून फिरवा, मग छोट्या कुंपणात पंधरा मिनिटं, शेजारी एखादा शांत, वयस्क घोडा. दोन-तीन महिने नुसती विश्रांती. नाल काढताना आपल्याकडे जपून: रेसच्या थरोब्रेड जातीच्या खुराची भिंत पातळ, आणि खाली जांभा दगड. पुढचे नाल एकदम काढले तर तळवा दुखावतो.

मग स्वारी. रेसच्या घोड्याला लगाम ताणला की तो त्याच्यावर भार टाकून आणखी जोरात पळायला शिकलेला असतो. नवखा माणूस थांबवायला लगाम खेचतो, घोडा सुसाट. म्हणून गोल फिरवत, लांब दोरीवर, आवाजावर थांबायला शिकवायचं. जॉकीला दुसरा माणूस चालत्या घोड्यावर चढवतो, त्यामुळे रिकिबीत पाय ठेवून चढेपर्यंत स्थिर उभं राहणंही त्याला नव्यानं शिकवावं लागतं. या कामाला महिने लागतात, आणि ते येतं सईसाला. सईसाला आधी काढलं तर घोड्याला शिकवणार कोण? मैदान बंद करताना सईसाचा पगार सर्वात शेवटी थांबला पाहिजे.

ट्रकनं आणताना डोकं वर बांधून बारा तास आणू नका. मान खाली घालता आली नाही की नाकातली घाण फुफ्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. दर चार-पाच तासांनी थांबून डोकं मोकळं सोडा. विकत घेण्याआधी पासपोर्ट, मायक्रोचिप आणि ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा दाखला बघा. हा रोग माणसालाही होतो, आणि बाधित घोड्याला कायद्यानं मारावं लागतं.

किनाऱ्यावर ठेवणार असाल तर वाळू. वाळूवर गवत टाकलं की ती पोटात जाऊन साचते. गवत उंच गव्हाणीत किंवा रबरी चटईवर द्या. आठवड्यातून एकदा चार-पाच लेंड्या काचेच्या बरणीत पाण्यात घोळा आणि अर्धा तास ठेवा. तळाशी चमचाभर वाळू बसलेली दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.