बंद खोलीतली हवा आणि आपला मास्क

नमस्कार, श्रोतेहो.

१० मार्च २०२०. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाची तालीम होती. ६१ जण अडीच तास एकत्र गायले. त्यांतल्या एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. पुढच्या काही दिवसांत आणखी ५२ जण करोनाने आजारी पडले, दोघे दगावले. तेव्हा त्या जिल्ह्यात मोठ्या जमावावर बंदी नव्हती. म्हणून सांगावंसं वाटतं, की सरकारी आदेश निघेपर्यंत थांबू नका. अंगात कसकस आहे, घसा खवखवतोय, तर बारशाला, भजनाला, सोसायटीच्या मीटिंगला जाऊ नका. यजमान रागावले तरी चालतील.

पण लक्षणं नसली तरी धोका उरतोच. करोनाचा रुग्ण लक्षणं दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून संसर्ग देऊ शकतो. गर्दीत मास्क लावायचा तो यासाठी.

साधा तीनपदरी सर्जिकल मास्क घ्या. रंगीत बाजू बाहेर, तारेची कड वर. आता तार एका हाताच्या चिमटीत दाबू नका. तिला मधोमध टोक येतं आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते. दोन्ही हातांची बोटं तारेवर ठेवून मधून गालांकडे दाबत न्या. मग चुण्या उलगडून खालची कड हनुवटीखाली ओढा. जोरात श्वास सोडून पाहा. डोळ्यांकडे वारा लागला किंवा चष्म्यावर वाफ धरली, तर वरून हवा निसटतेय. गालापाशी फट असेल तर दोन्हीकडच्या दोऱ्यांना मास्कच्या अगदी कडेशी गाठ मारा आणि बाहेर आलेली घडी आत सारा. पुष्कळजण मास्क घट्ट व्हावा म्हणून दोरीला पीळ देऊन कानात अडकवतात. त्याने बाजूची फट उलट वाढते.

हा मास्क धुऊन किंवा सॅनिटायझर फवारून पुन्हा वापरू नका. मधल्या पदरावर विद्युतभार असतो आणि बारीक कण बऱ्याच अंशी त्यानेच धरले जातात. साबणाने, अल्कोहोलने तो भार उतरतो. मास्क दिसतो तसाच, पण गाळणं मंदावतं. ओला झाला की बदला. कापडी मास्क मात्र रोज धुवा. व्हॉल्व्हचा एन-९५ वापरणाऱ्याला सोयीचा वाटतो, पण त्याचा बराचसा उच्छ्वास व्हॉल्व्हमधून न गाळता बाहेर पडतो. शेजारच्या माणसाचं रक्षण त्याने कमी होतं. केंद्रीय आरोग्य खात्याने जुलै २०२० मध्ये राज्यांना त्याविरुद्ध कळवलं होतं.

एसटीत, लोकलमध्ये हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे फोन आला की मास्क हनुवटीवर जातो. खरं तर बोलतानाच तोंडातून जास्त कण उडतात, आवाज चढला की आणखी. फोन उचला, पण मास्क तसाच ठेवून. नाहीतर उतरल्यावर बोला. आणि खिडकी उघडी ठेवा. पावसात निदान चार बोटं.

हातांचं थोडक्यात: साबणाने किमान २० सेकंद, अंगठे आणि नखांच्या कडांसकट. सॅनिटायझर निदान ६० टक्के अल्कोहोलचं, आणि हात आपोआप कोरडे होईपर्यंत चोळायचं.

तपासणीत तुम्ही बाधित निघालात, तर लक्षणं सुरू होण्याच्या दोन दिवस आधीपासून कुणासोबत जेवलात, कुणाच्या शेजारी बसलात, ते लिहून काढा आणि त्याच दिवशी फोन करा. आधी घरात म्हातारं किंवा आजारी माणूस असलेल्यांना.