५ वॅटमधले हवेत किती जातात?

सिंहगड, सकाळचे नऊ, हॅम रेडिओ (हौशी वायरलेस) घेऊन आलोय. वारा जोरात सुटलाय आणि कातळावर ट्रायपॉडला २.५ मीटरचा व्हिप (काठीसारखी अँटेना) उभा केलाय, बुडाशी कमी लांबी भरून काढणारी कॉइल, जमिनीवर एकच रेडियल (बुडापासून पसरलेली वायर) टाकलेला. रिग (रेडिओ सेट) ५ वॅटची, बँड फोर्टी मीटर, म्हणजे साधारण ४० मीटर लांबीच्या लहरी. एसडब्ल्यूआर (रिग आणि अँटेनाचा मेळ सांगणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) १.१, म्हणजे मॅच एकदम झकास, तरी सीक्यू (‘कोणी आहे का’ अशी हाक) देऊन देऊन घसा बसला पण कोल्हापूरहून कोणी उत्तर देत नाही.

मग पॉवर गेली कुठे?

फोर्टीवर पाव वेव्ह म्हणजे जवळपास १०.५ मीटर, आणि आपण उभा केलाय २.५ मीटर. एवढ्या आखूड व्हिपचा रेडिएशन रेझिस्टन्स (एकूण ओहमपैकी हवेत जाणाऱ्या पॉवरचा वाटा) दीड ओहमसुद्धा भरत नाही. कॉइलचा लॉस धरा ५ ओहम, आणि कोरड्या कातळावर एकाच रेडियलवर जमिनीचा लॉस ४० धरला तरी जास्त नाही. बेरीज ४६ च्या आसपास, रिगला हवे असतात ५०, म्हणून मीटर इतकं छान दाखवतं! हवेत जातात साधारण ३ टक्के, १५० मिलिवॅट, बाकी सगळी उष्णता. डमी लोडचा (पॉवरची नुसती उष्णता करणाऱ्या रेझिस्टरचा) एसडब्ल्यूआरही १ च असतो, हे कायम डोक्यात ठेवा.

आता अजून दहा-बारा रेडियल पसरू. एसडब्ल्यूआर बघा, चढला ३ पर्यंत. इथे खूप जण घाबरून वायरी परत गुंडाळतात, अहो नका गुंडाळू! जमिनीचा लॉस ४० वरून १० वर आलाय, म्हणून एकूण ओहम घसरले आणि मीटर बिघडलं, पण हवेत जाणारी पॉवर जवळपास तिप्पट झाली. हे कमी ओहम रिगच्या ५० शी जुळवणारा मॅचिंग ट्रान्सफॉर्मर मात्र अँटेनाच्या बुडाशीच लावायचा.

कोॲक्सचं (रिग ते अँटेना केबलचं) म्हणाल तर १० मीटर आरजी-५८ फोर्टीवर दहाएक टक्के खातं, चालतंय, पण तीच केबल २ मीटर बँडवर (तिथे फ्रिक्वेन्सी बरीच जास्त) एक तृतीयांशाहून जास्त खाते, तिथे लांबी कमी ठेवा.

आणि मला विचाराल तर व्हिप बॅगेतच राहू दे. २० मीटर साधी वायर, मधोमध फीड (केबलची जोडणी), फिशिंग रॉडवर ५-६ मीटर उंच इन्व्हर्टेड व्ही (मध्य वर, दोन्ही टोकं खाली). रॉड सॅकला बांधा, गडाच्या दगडात खिळा ठोकू नका. वायरीतला लॉस नगण्य, आणि एवढ्या कमी उंचीवरून सिग्नल सरळ वर जाऊन आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) खाली येतो, कोल्हापूर-नाशिकला नेमका तोच लागतो, जो व्हिप डोक्यावर देतच नाही.

रिग तीच, बॅटरी तीच, ५ वॅटच. सीक्यू सीक्यू फोर्टी मीटर...